तिला गाडी लागते

पेट्रोलची व्हॅन माझ्या गॅरेजमध्ये आली की कुठल्याही नटबोल्टला हात लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचो. "घरात गाडी कोणाला लागते?" लोक हसायचे. "रशीदभाई, गॅरेज बंद करून दवाखाना काढलात काय?" म्हणायचे. एका गृहस्थांनी "सासूबाईंना" असं उत्तर दिलं आणि मागच्या सीटवरून त्यांच्या बायकोनं असं काही पाहिलं, की बिचारे ब्रेक दाखवायला आले होते तेही विसरून गेले. मी मात्र चेष्टा करत नव्हतो. हा प्रश्न मला कुठल्या उस्तादानं शिकवलेला नाही. तो सायखेड्याच्या सुमनबाईंमुळे माझ्या तोंडी बसला, आणि तो विचारताना मला स्वतःला कधी हसू आलं नाही.

माझं गॅरेज नाशकात, द्वारकेच्या अलीकडे आतल्या गल्लीत. आता ते पुतण्या बघतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसतो. खरं सांगायचं तर माझा निम्मा धंदा नाकावरच चालला. क्लच प्लेट जळाली की एक वास येतो, वायर तापली की दुसरा, इंजिन ऑइल सायलेन्सरवर पडलं की तिसरा. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला तोंड उघडायचं, तोवर माझं निदान झालेलं असायचं. या गोष्टीचा मला गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही. घरी बायको म्हणायची, "एवढं नाक आहे तर भाजी करपल्याचं कसं कळत नाही?" ते खरोखरच कळत नसे.

नव्वदच्या दशकात आमचं काम सोपं होतं. कार्बुरेटरच्या गाड्या. टाकीतलं पेट्रोल एक छोटासा पंप सावकाश ओढून घ्यायचा, साध्या रबरी पाइपातून ते इंजिनपर्यंत जायचं. पाइप चिरला तर थेंब थेंब गळायचा, खाली डाग पडायचा आणि आंधळ्यालाही दिसायचा. गळतीवरचे इलाजही तसेच साधे. सुरगाण्याचा एक जीपवाला होता. त्याची टाकी तळाला झिजली होती. त्यानं कपडे धुण्याच्या साबणाची वडी ओली करून त्या भोकावर घासली होती आणि त्याच्यावर सगळा हंगाम काढला होता. पेट्रोलात साबण विरघळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मी ओरडलो, "अरे, टाकी बदल, एखाद्या दिवशी पेटशील." तो म्हणाला, "साबन लावलाय ना भाई, आता काय व्हतंय?" आणि जाताना त्याच वडीनं माझ्या नळावर हातपाय धुऊन गेला.

पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि सगळं बदललं. यात पंप टाकीच्या आतच बुडवलेला असतो आणि तो पेट्रोल जोरात ढकलतो. त्या दाबाखाली पेट्रोल लोखंडी नळीतून, मध्ये मध्ये रबरी पाइपातून इंजिनपर्यंत येतं. हा पाइप वेगळा असतो, जाड, आत विणकाम असलेला. तो क्लॅम्पनं आवळलेला असतो. तो क्लॅम्पही वेगळा. पट्टी गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेल्या, म्हणजे रबराला चावणार नाही अशी. दुकानात जुना कार्बुरेटरचा पाइपही मिळतो आणि भोकं पाडलेल्या पट्टीची साधी क्लिपही मिळते. दिसायला दोन्ही सारखेच. रस्त्याकडेच्या आमच्या मेकॅनिक जातभाईंनी तेच लावायचं आणि स्क्रू ड्रायव्हरनं दात खाऊन आवळायचं. जितकं आवळू तितकं पक्कं, असं त्यांना वाटतं. मग क्लिपच्या भोकांतून रबर वर फुगतं आणि कापलं जातं. अशा ठिकाणाहून पेट्रोल थेंबानं गळत नाही. धूर दिसतो तसं बारीक फवाऱ्यानं उडतं. तेही फक्त इंजिन चालू असताना. तुम्ही गाडी बंद करून वाकून बघा, सगळं कोरडं. डाग नाही, थेंब नाही. फक्त वास. आणि वास तर पेट्रोलच्या गाडीला येतोच की, असं म्हणून माणसं काच खाली करतात.

दत्तू शेळके आपली व्हॅन घेऊन आला तेव्हा इंजेक्शनच्या पहिल्या पहिल्या व्हॅन जुन्या होऊन हातोहात विकल्या जात होत्या. त्यानंही अशीच सेकंडहँड घेतलेली. मागच्या सीट काढून टाकल्या होत्या. सायखेड्याहून टोमॅटो, कोथिंबीर, मेथी भरून नाशिकच्या नाहीतर पिंपळगावच्या बाजारात आणायचा. माणूस उंचापुरा, बोलका, गाडीवर फार जीव. समोरच्या काचेला झेंडूचा हार रोज ताजा. तक्रार साधी होती.

"रशीदभाई, सकाळी लय वेळ स्टार्टर मारावा लागतो. एकदा चालू झाली की मग काय नाय. आन अॅव्हरेज पडलंय. आता पेट्रोलातच भेसळ आसंल तर गाडी काय करनार?"

सोबत त्याची बायको होती. सुमनबाई. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं, म्हणून आल्या होत्या. गाडी थांबल्याबरोबर त्या दार उघडून उतरल्या आणि समोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. हातात अर्धं कापलेलं लिंबू, ते नाकाशी धरलेलं.

"तिला गाडी लागते," दत्तू म्हणाला. जसं एखाद्याला चष्मा आहे असं सांगावं तसं.

मी पुतण्याला चहा आणायला पाठवलं आणि बाईंना बसायला बाक पुसून दिलं. तेव्हा मी एक जुना कार्बुरेटर पेट्रोलच्या ताटात धुवत होतो. हात तसेच ओले. मी जवळ जाताच त्यांनी तोंड फिरवलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "हाच वास."

"कसला?"

"गाडीत बसलं की येतो तो. हाच."

"आता गाडीत पेट्रोलचा वास नाय येणार तर काय अत्तराचा येणार?" दत्तू हसला. "भाई, हिचं मनावर घेऊ नका. आहेच तिला तसं. लहानपणापासून गाडी लागते."

"लहानपणापासून नाय," सुमनबाई म्हणाल्या. आवाज बारीक, पण ठाम. "माझं माहेर नामपूरचं. आमचा कांदा ट्रकात भरून जायचा, तवा गोण्यांवर बसून सटाण्यापर्यंत जायचे मी. घाटातूनसुदिक. कधी काय झालं नाय. ही गाडी आली तवापासून हाय हे."

मग चहा पिताना दत्तूनं स्वतःच जे सांगितलं, ते मी विचारलंही नव्हतं.

सुमनबाईंची आई नामपुरात भावाकडे असायची. गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा दत्तू बायकोला घेऊन मोठ्या थाटात सासुरवाडीला गेला. जाताना वडाळीभोईला उलटी, देवळ्याला उलटी. पोचल्यावर बाई दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. पुढच्या खेपेला तेच. मग जाणं कमी झालं. एस.टी.नं जावं म्हटलं, तर दारात गाडी असताना एस.टी.नं जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे दत्तूचं. आणि पुढे पुढे एस.टी.चं नाव काढलं तरी बाईंच्या पोटात ढवळायला लागलं. आई फोनवर एकच विचारायची, "कवय येशी व माय?" कधी येणार. त्या तिकडच्या अहिराणी बोलीत मुलीलाही लाडानं माय म्हणतात. सुमनबाई म्हणायच्या, जरा बरं वाटलं की येते.

मग आई आजारी पडली. भावाचा फोन आला, जमेल तेवढ्या लवकर ये. दोघं निघाली. भावडबारीच्या घाटात गाडी चढताना बाईंना उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या. शेवटी नुसतं हिरवं पाणी. डोळे फिरवले आणि दत्तूच्या खांद्यावर पडल्या. दत्तू घाबरला. त्यानं घाटातच गाडी वळवली आणि पिंपळगावला दवाखान्यात आणलं. सलाइन लागलं. त्याच आठवड्यात आई गेली. मातीला दत्तू एकटाच गेला, दहाव्यालाही एकटाच.

"काय करनार," दत्तू म्हणाला. "गाडी लागतेच तिला."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि व्हॅनकडे गेलो. या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या खालीच असतं. ड्रायव्हरच्या शेजारी जो बसतो, तो अक्षरशः इंजिनाच्या डोक्यावर बसलेला असतो. मी ती डावी सीट उलटवली. सगळं कोरडं, धूळ बसलेलं, स्वच्छ. कोणीही बघितलं असतं तर सीट खाली टाकून स्टार्टर दुरुस्त करत बसला असता. मी दत्तूला सांगितलं, चालू कर.

फिल्टरकडून वर येणाऱ्या पाइपाला कार्बुरेटरची साधी नळी लावली होती, भोकाच्या क्लिपनं आवळून. आवळून आवळून क्लिप रबरात रुतली होती. इंजिन चालू होताच तिथून एक बारीक, केसासारखी फवारी उडायला लागली. उन्हाच्या पट्ट्यात ती स्पष्ट दिसली. गरम इंजिनावर पडताच नाहीशी होत होती. मी ओरडून गाडी बंद करायला लावली आणि बॅटरीची तार सोडवली. ही गाडी आतापर्यंत पेटली नाही हे नशीब, हे माझ्या डोक्यात पहिलं आलं. दुसरं जे आलं, ते मी बोललो नाही. ड्रायव्हरच्या बाजूची काच नेहमी उघडी. दत्तूचं नाक रोज त्याच वासात बसून मेलेलं. मागे भाजी. भाजीला गाडी लागत नाही. फक्त एक बाई त्या फवाऱ्यावर बसून माहेरी जायची.

दत्तूनंही पाहिलं होतं. तो सीटच्या कडेला हात टेकून वाकला होता तसाच राहिला.

काम मी स्वतः केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पंपाचा फ्यूज काढला, बॅटरीची तार पुन्हा जोडून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे नळीतला दाब उतरतो. तरी सोडवताना वर फडकं गुंडाळायचंच. एक नळी खराब होती, पण मी टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या काढल्या. एका वयाच्या असतात, एक गेली की दुसरी तिच्या मागेच असते. नवीन पाइप पात्यानं सरळ कापला. करवतीनं कापला तर रबराचा भुसा आत जाऊन पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबतो. नळीच्या तोंडाला जो उंचवटा असतो, त्याच्या पलीकडे क्लॅम्प बसवला आणि रबर पट्टीच्या कडेला भिडेपर्यंतच आवळला, पुढे एक सूतही नाही. फ्यूज घातला, चावी फिरवून फिरवून दाब भरला आणि प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा लावून बघितला. कागद कोरडाच राहिला. एरवी अशा वेळी मी पुतण्याकडे बघून मिशीत हसतो. त्या दिवशी मला हसावंसं वाटलं नाही.

दत्तू मला शेडच्या मागे घेऊन गेला.

"रशीदभाई, एक करा. तिला म्हणा, गाडीचा काय दोष नव्हता. पाइप जुनं झालं म्हणून बदललं."

"ती समोर बसून बघत होती, दत्तू."

"बघितलं आसंल. पण तुम्ही मेकॅनिक. तुम्ही सांगितलं तर ऐकंल ती." त्याचे डोळे भरून आले होते. एवढा मोठा माणूस, माझ्या बाहीला धरून उभा होता. "नायतर मी घरात कसा ऱ्हाऊ?"

मी म्हणालो, "मी काही बोलत नाही. पण ती आता गाडीत बसेल, तेव्हा काय करशील?"

त्यानं माझी बाही सोडली.

काम झाल्यावर ट्रायल घ्यावी लागते, आणि ती मी बरोबर बसल्याशिवाय कधी घेतली नाही. सुमनबाई लिंबू मुठीत धरून पुढे बसल्या. मागे सीट नव्हत्या, म्हणून मी टोमॅटोचं क्रेट उलटं टाकून त्याच्यावर बसलो. हमरस्त्यानं आडगावपर्यंत जायचं आणि वळायचं, असं ठरलं होतं. दत्तू हळू चालवत होता. आडगाव आलं, त्यानं इंडिकेटर दिला.

"वळवू नका," सुमनबाई म्हणाल्या.

"अगं, ट्रायल झाली. भाईंना सोडायचंय."

"वळवू नका. या टायमाला नाय वळवायची." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "रशीदभाऊ, तुम्हाला उशीर झाला तर चालंल का? मला नामपूरला जायचंय."

मी कामाच्या कपड्यांत होतो, हाताला ग्रीस. गॅरेज उघडं टाकलेलं. पण त्या आवाजाला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "चला बाई."

ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. दत्तूनं विचारलं, "मळमळतंय का?"

"नाय."

वडाळीभोईला पुन्हा विचारलं. "नाय." सोग्रस फाट्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. "थोडं थांबू का? एकदा उलटी झाली की बरं वाटंल बघ."

"नाय होत, तर कशी करू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दत्तू काळजीनं विचारत नव्हता. त्याला तिला उलटी व्हायला हवी होती. एकदाच, थोडीशी तरी. म्हणजे मग तिला गाडी लागतेच असं झालं असतं, म्हणजे मग घाटातून गाडी वळवली ती बरोबर होती, म्हणजे मग कोणाचाच काही दोष नव्हता. आणि मी? घाट सुरू झाला तेव्हा मी क्रेटवरून खाली वाकलो आणि सीटखाली नाक लावून वास घेऊ लागलो. वर चढताना इंजिनावर जोर येतो, जोड कच्चा असेल तर तिथेच कळतं. मी देवाकडे, ज्याच्याकडे मी कामासाठी कधी काही मागितलं नाही, मागत होतो की थोडासा वास येऊ दे. आयुष्यात एवढ्या नळ्या बदलल्या, पण आपलं काम फसावं असं मला त्या एकाच दिवशी वाटलं. वास आला नाही. नवीन रबराचासुद्धा नाही.

एका वळणावर सुमनबाईंनी काचेबाहेर बोट दाखवलं. "हितूनच ना?"

दत्तूनं मान डोलावली. गाडी तशीच वर चढत राहिली. घाट संपला तेव्हा बाईंनी मुठीतलं लिंबू खिडकीतून टाकून दिलं आणि पदरानं हात पुसला. नामपूर येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले होते, त्यांच्यामधून दत्तू एवढं सांभाळून गाडी काढत होता जसं मागे काही फुटणारं सामान आहे.

भावाचं घर बाजाराच्या मागे होतं. आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. नणंदेला स्वतःच्या पायांनी, ताठ, गाडीतून उतरताना बघून त्या दारातच थबकल्या. मग धावत येऊन त्यांनी दोन्ही हात धरले.

"गाडीमा लई तरास व्हयना का हो, ताई?" गाडीत फार त्रास झाला का, असं त्या विचारत होत्या.

सुमनबाईंनी नकारार्थी मान हलवली. वहिनी रडायलाच लागल्या. रडत रडत सासूबद्दल म्हणाल्या, "आत्याबाई शेवटपर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होत्या. पोरीले गाडी लागस, नहीतर ती उनी असती, आली असती. कोणी तुम्हाला बोल लावलेला त्यांना चालायचा नाही."

दत्तू चावी हातात घेऊन गाडीजवळच उभा होता. तो तिथून पुढे आला नाही. मीही आलो नाही. सुमनबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या. उघड्या दारातून आत भिंतीलगतची खाट दिसत होती, गादी गुंडाळून ठेवलेली. त्या खाटेकडे बघत त्या, इतकी वर्षं सायखेड्यात राहून सुटलेल्या आपल्या माहेरच्या बोलीत, लहान मुलीसारख्या मोठ्यानं म्हणाल्या,

"माय, माले गाडी लागत नही व. माले गाडी लागत नही."